फोटोओळीतले पाच दावे : ‘कोसळता सैनिक’ छापण्याआधी

पार्श्वभूमी

एका मराठी दिवाळी अंकाने स्पेनच्या यादवी युद्धावर (१९३६–३९) मोठा लेख घेतला होता. लेखक इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. लेखाचा एक धागा भारताशी जोडलेला होता. १९३८ च्या जूनमध्ये नेहरू बार्सिलोनात होते. डॉ. मदनमोहन अटल यांनी स्पेनमध्ये प्रजासत्ताकाच्या, म्हणजे निवडून आलेल्या सरकारच्या, बाजूने वैद्यकीय काम केलं आणि पुढे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांसह ते चीनला गेले. सरांनी हा सगळा भाग जीव ओतून लिहिला होता, आणि लेखाच्या पहिल्या पानावर त्यांना एकच फोटो हवा होता : युद्धाचे फोटो काढणाऱ्या रॉबर्ट कापाचा ‘कोसळता सैनिक’.

हा फोटो बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. उन्हात चमकणारा पांढरा शर्ट, कमरेला आणि खांद्यावरून चामड्याचे पट्टे, गुडघे मुडपलेले, हात मागे फेकला गेलेला आणि त्या हातातून सुटत चाललेली रायफल. पायाखाली कापणी झालेल्या शेताचे सड. मागे दूरवर सपाट मुलूख, वर ढग. फोटोत दुसरं कुणीच नाही.

सरांनी लेखासोबत दिलेली फोटोओळ अशी होती : ‘५ सप्टेंबर १९३६, सेरो मुरियानो. गोळी लागल्याच्या क्षणी फेदेरिको बोरेल गार्सिया. फोटो : रॉबर्ट कापा.’

चित्रांची जबाबदारी माझ्याकडे होती. अंकाचं आणि आमच्यातल्या माणसांची नावं इथे दिलेली नाहीत. फोटोच्या इतिहासातली नावं, गावं आणि तारखा मात्र जशा आहेत तशाच ठेवल्या आहेत, कारण हे सगळं प्रकरण त्यांच्याभोवतीच फिरतं.

अडचण

आर्टपेपरचा फर्मा मजकुराच्या आधी छपाईला जातो. त्यामुळे लेखाचं शेवटचं प्रूफ हातात येण्याआधीच फोटो आणि त्याखालची ओळ पक्की करावी लागते. मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंनी डमी, म्हणजे पानांची कच्ची मांडणी, पाहून समासात एकच प्रश्न लिहिला : “हा फोटो खोटा आहे असं वाचलंय. खरं काय?”

प्रश्न रास्त होता, पण त्या रूपात त्याला उत्तर देता येत नव्हतं. ‘फोटो खरा की खोटा’ असं विचारलं की माणसं लगेच दोन बाजूंना जातात आणि पुढे पुरावा पाहिलाच जात नाही. संपादकांनी बैठक बोलावली तेव्हा मी सरांची फोटोओळ फळ्यावर लिहून तिचे तुकडे केले. कोणी काढला, कुठे, कधी, फोटोतला माणूस कोण, आणि त्या क्षणी नेमकं काय घडत होतं. एका ओळीत पाच दावे होते आणि प्रत्येकाचा पुरावा वेगळा. एक पडला म्हणून बाकीचे पडतात असं नाही, आणि एक टिकला म्हणून बाकीचे टिकतात असंही नाही.

इथवर सगळ्यांचं जुळलं. मतभेद पुढे झाले.

पुरावा तपासताना

पहिल्यांदा मूळ छपाई. हा फोटो पॅरिसच्या ‘व्ह्यू’ या साप्ताहिकात २३ सप्टेंबर १९३६ च्या अंकात आला. एकटा नव्हे, त्याच पानावर कोसळणाऱ्या दुसऱ्या सैनिकाचा फोटो होता. तिथला मजकूर भावनेने भरलेला आहे : सडांनी भरलेल्या उतारावरून सैनिक छाती काढून धावत होते आणि गोळी सूं करत आली, अशा धर्तीचा. सैनिकाचं नाव नाही. अमेरिकेत ‘लाइफ’ने तो १२ जुलै १९३७ ला छापला, तेव्हा ओळीत डोक्यातून गेलेली गोळी आली आणि ठिकाण म्हणून कोर्दोबा शहराच्या समोरचा भाग एवढंच आलं. म्हणजे सरांच्या ओळीतलं माणसाचं नाव या दोन्ही छपायांत नव्हतं, गावही नव्हतं. ते तपशील मागाहून चिकटले. कुठली माहिती फोटोसोबत जन्मली आणि कुठली नंतर आली, हे आधी वेगळं काढलं की निम्मा गोंधळ निवळतो.

डोक्यातल्या गोळीबद्दल एक तपशील सांगायलाच हवा. सैनिकाच्या डोक्यामागे काहीतरी उडाल्यासारखं दिसतं आणि ती कवटीची कपची आहे असं अनेकांनी मानलं. मोठी, स्वच्छ प्रत भिंगाखाली पाहिली की लक्षात येतं, तो टोपीचा गोंडा आहे. त्या काळी स्पेनमध्ये सैनिक घालत त्या टोपीला पुढे असा गोंडा लोंबत असे. सरांनीही भिंग लावून पाहिलं आणि आपल्या मजकुरातला ‘कवटी फुटताना’ हा शब्दप्रयोग तिथल्या तिथे खोडला.

त्या दुसऱ्या फोटोवर आम्ही बराच वेळ घालवला, आणि माझ्या मते या प्रकरणात तो पहिल्या फोटोइतकाच महत्त्वाचा आहे. दोघं वेगळी माणसं आहेत. पहिल्याच्या अंगात पांढरा शर्ट, दुसऱ्याचे कपडे गडद. पण उतार तोच, ढगांची ठेवण जवळपास तीच, कॅमेऱ्याची जागाही जवळपास तीच. म्हणजे दोन फोटोंमध्ये फार वेळ गेलेला नाही. मग एकाच जागी, थोड्या अंतराने दोन माणसं मारली गेली असतील, तर दुसऱ्या फोटोत पहिल्याचं प्रेत का दिसत नाही? कापाचे चरित्रकार रिचर्ड व्हेलन यांचं उत्तर असं की पहिल्याला सोबत्यांनी ओढून आडोशाला नेलं असावं. अशक्य नाही. पण ज्या उतारावर नेम धरून गोळ्या येत होत्या, तिथेच फोटोग्राफर जागा न बदलता थांबला आणि पुढचा माणूस अगदी त्याच ठिकाणी येऊन पडला, हे मानायला मन तयार होत नाही. याच मालिकेतले आणखी फोटो आहेत : सैनिक चर ओलांडून उडी मारतात, रायफली रोखतात, रायफली उंचावून हसतात. ते पाहिले की कॅमेऱ्यासाठी सराव चालला होता, असाच समज होतो.

साक्षीदारांकडे वळलो तर निराशा होते. फोटोबद्दलची शंका जगभर पसरली ती १९७५ मध्ये, फिलिप नाइटली यांच्या युद्धवार्ताहरांवरच्या पुस्तकामुळे. त्यांना ओ’डाउड गॅलाघर या ब्रिटिश वृत्तपत्राच्या बातमीदाराने सांगितलं होतं की फोटो ठरवून काढल्याचं कापाने स्वतःच कबूल केलं. पण गॅलाघरांची कथा दोनदा छापली गेली आणि दोन्ही वेळा वेगळी निघाली. एकीत पोझ देणारे सैनिक प्रजासत्ताकाचे, दुसरीत त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या जनरल फ्रँकोचे. शिवाय त्यांची हकीकत फ्रान्सच्या सीमेजवळची, स्पेनच्या उत्तर टोकाची. फोटो आहे दक्षिणेतल्या अँडालुसियाचा.

कापाची स्वतःची साक्षही एकसारखी नाही. १९३७ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राला सांगितलं की तो एका सैनिकासोबत खंदकात अडकला होता आणि कंटाळून बाहेर पडलेल्या त्या सैनिकाला मशीनगनने टिपलं. १९४७ मध्ये रेडिओवर सांगितलेल्या हकीकतीत खंदकात वीसेक सैनिक आहेत, ते मशीनगनवर पुन्हा पुन्हा धावून जातात आणि कापा डोक्यावर कॅमेरा धरून न पाहताच बटण दाबतो. त्या मुलाखतीचं ध्वनिमुद्रण २०१३ मध्ये लोकांसमोर आलं, तेव्हा काहींना वाटलं की प्रश्न सुटला. मला तसं वाटत नाही. दहा वर्षांच्या अंतराने आठवणीतला एक माणूस वीस झाला असेल, तर त्या आठवणीच्या भरवशावर फोटोओळ लिहिता येत नाही. स्मृती अशी वागते, त्यात लबाडी असलीच पाहिजे असं नाही.

सगळ्यात अवघड होतं ते नाव. १९९० च्या दशकात मारियो ब्रोतोन्स या गृहस्थांनी सैनिकाच्या अंगावरच्या काडतूसपेट्या ओळखल्या. ते स्वतः कोवळ्या वयात सेरो मुरियानोच्या लढाईत होते. त्यांचं म्हणणं असं की त्या घडणीच्या पेट्या अल्कोय या गावच्या मिलिशियाकडेच, म्हणजे स्वयंसेवक सैनिकांकडेच, होत्या, आणि ५ सप्टेंबरला सेरो मुरियानोत अल्कोयचा एकच माणूस मेला : फेदेरिको बोरेल गार्सिया, गिरणी कामगार, वय २४. घरच्या माणसांनीही फोटो ओळखला. हे वाचताना गलबलून येतं. इतकी वर्षं नाव नसलेल्या माणसाला नाव मिळालं. व्हेलन यांनीही हाच धागा धरला. मेम्फिसच्या एका खूनतपास अधिकाऱ्याला त्यांनी फोटो दाखवला. त्याचं मत पडलं की माणूस धावत नव्हता, पाय टेकून उभा होता, आणि मांडीशी दुमडलेली बोटं पाहता हे पडणं नाटकी नाही. खोटं पडणारा माणूस नकळत हात पुढे करून स्वतःला सावरतो.

पण २००७ च्या एका स्पॅनिश माहितीपटाने १९३७ चा एक लेख पुढे आणला. अराजकतावाद्यांच्या नियतकालिकातला, बोरेलच्या सोबत्याने लिहिलेला. त्यात बोरेलच्या मरणाचं वर्णन आहे : झाडाच्या आडून गोळ्या झाडत असताना तो पडला. आमच्यासमोरच्या फोटोत झाड नाही. उघडा उतार आहे. हा लेख घटनेनंतर काही महिन्यांतला, ओळख पटवली गेली ती साठ वर्षांनंतरची. माझ्या लेखी इथेच नाव फोटोओळीतून बाहेर पडलं.

आता ठिकाण. या प्रकरणात सगळ्यात भक्कम साक्ष दिली ती जमिनीने. बास्क विद्यापीठातले होसे मानुएल सुस्पेरेगी यांनी कोसळत्या सैनिकाकडे पाहणंच बाजूला ठेवलं आणि त्याच मालिकेतल्या इतर फोटोंची पार्श्वभूमी घेतली. त्यात दूरच्या डोंगरांची रेघ दिसते. ते फोटो त्यांनी कोर्दोबाच्या आसपासच्या गावांमध्ये ग्रंथपालांना, इतिहासाच्या अभ्यासकांना ईमेलने पाठवले : ही जागा ओळखता का? एका शिक्षकाने फोटो वर्गात दाखवला आणि एका विद्यार्थ्याने बघताक्षणी सांगितलं, हे एस्पेखो. तज्ज्ञांना इतकी वर्षं जे सापडलं नाही ते गावच्या पोराला क्षणात दिसलं, कारण ते डोंगर तो रोज बघत होता. २००९ मध्ये सुस्पेरेगींचं पुस्तक आलं. बार्सिलोनाच्या एका दैनिकानेही जुने फोटो आणि एस्पेखोची आजची दृश्यं शेजारी शेजारी छापली. डोंगरांची रेघ जुळते.

एस्पेखो आणि सेरो मुरियानो यांच्यात सुमारे ५० किलोमीटरचं अंतर आहे. एक कोर्दोबाच्या आग्नेयेला, दुसरं उत्तरेला. सेरो मुरियानोत ५ सप्टेंबरला खरोखर लढाई झाली आणि कापा व त्याची सहकारी गेर्डा टारो तिथे होते, याबद्दल वाद नाही. तिथून पळणाऱ्या गावकऱ्यांचे त्यांनी काढलेले फोटो आहेत. हान्स नामुथ आणि गेओर्ग राइसनर हे फोटोग्राफरही त्या दिवशी तिथे होते. एस्पेखोत मात्र सप्टेंबरच्या सुरुवातीला शांतता होती. तिथली लढाई महिन्याच्या अखेरच्या आठवड्यातली. आणि ‘व्ह्यू’चा अंक २३ तारखेचा. फिल्म अँडालुसियातून पॅरिसला जायला, धुवायला, ब्लॉक बनवायला, छापायला लागणारा वेळ धरला, तर हा फोटो एस्पेखोत लढाई पेटण्याच्या आधीचाच ठरतो. ठिकाण हललं की तारीखही हलते आणि ‘गोळी कुठून आली’ हा प्रश्न मोकळा पडतो. शत्रूची आघाडी तेव्हा तिथून दूर होती.

तरीही शेवटचा दावा, म्हणजे त्या क्षणी माणूस मरत होता की नव्हता, याचा निकाल यातून लागत नाही. व्हेलन यांनी नंतर एक शक्यता मांडली होती : सैनिक कॅमेऱ्यासाठी सराव करत असतील आणि तेवढ्यात खरी गोळी आली असेल. तसं असेल तर कापाच्या नंतरच्या मौनाला वेगळाच, फार दुःखाचा अर्थ येतो. मला ही शक्यता कमी वाटते. पण कमी वाटणं आणि खोटी ठरणं यात फरक आहे.

निगेटिव्ह मिळाली असती तर आधीची आणि नंतरची चौकट बघता आली असती. मेक्सिकोतून २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीकडे कापा, टारो आणि त्यांचा सहकारी फोटोग्राफर चिम यांच्या सुमारे ४,५०० निगेटिव्हज आल्या. त्यांच्यात ही निगेटिव्ह सापडेल अशी सगळ्यांना आशा होती. ती त्यात नव्हती.

फोटो कोणी काढला यावर आम्ही फार थांबलो नाही. त्या काळात टारोकडे चौकोनी निगेटिव्हचा कॅमेरा होता आणि कापाकडे लांबट निगेटिव्हचा लायका. जुन्या प्रतींच्या मापांवरून हा फोटो तिचा असू शकतो असंही मांडलं गेलं आहे. पण तिचं नाव लिहावं इतका आधार आम्हाला दिसला नाही. श्रेय प्रस्थापित आहे तसंच ठेवलं.

पर्याय

संपादकांसमोर चार वाटा होत्या. जुनी ओळ तशीच छापायची, कारण ती शेकडो पुस्तकांत आहे आणि वाचक ती ओळखतात. फोटो वगळून त्याऐवजी सेरो मुरियानोहून पळणाऱ्या बायकामुलांचा फोटो घ्यायचा. ‘बनावट’ असं स्पष्ट लिहून छापायचा. किंवा ओळ जेवढी सिद्ध होते तेवढीच ठेवून बाकीचं शेजारी चौकटीत सांगायचं.

जुन्या ओळीच्या बाजूने सर होते, आणि त्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नव्हता. ते म्हणाले, “गेर्निका जाळलं कोणी, यावर फ्रँकोच्या लोकांनी काय केलं ते विसरू नका. २६ एप्रिल १९३७ ला विमानांनी गाव बेचिराख केलं आणि हे म्हणत राहिले की माघार घेणाऱ्या लाल लोकांनीच आग लावली. आज तुम्ही या फोटोवर प्रश्नचिन्ह लावलंत, की उद्या कोणी म्हणेल सगळंच नाटक होतं.” त्यांची भीती खरी आहे. यादवी युद्धात प्रत्येक बाजू दुसऱ्या बाजूच्या मेलेल्यांवर अविश्वास दाखवते. एक डळमळीत फोटो हाती लागला की हजार खऱ्या प्रेतांना नाकारायला तो वापरता येतो.

माझं उत्तर असं होतं : “सर, म्हणूनच डळमळीत वीट आपणच काढून दाखवू. कोणी दुसऱ्याने काढली तर तो भिंत पाडायला काढेल.” सरांना ते लगेच पटलं नाही. त्यांनी दोन दिवस मागितले.

‘बनावट’ लिहायची वाट मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंना सोपी वाटत होती. तिथे मी अमेरिकन यादवी युद्धातलं एक उदाहरण ठेवलं. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या रणांगणावर अलेक्झांडर गार्डनर आणि त्याच्या सोबत्यांनी दगडांच्या भिंतीआड पडलेल्या मृत सैनिकाचा फोटो काढला. १८६६ च्या पुस्तकात गार्डनरने त्याला दक्षिणेचा नेमबाज म्हणून छापलं. आपण नोव्हेंबरमध्ये परत गेलो तेव्हा सांगाडा आणि बंदूक तिथेच होती, असंही लिहिलं. १९७५ मध्ये विल्यम फ्रासानिटो यांनी दगड अन् दगड जुळवून दाखवलं की तेच प्रेत त्याच दिवसांतल्या दुसऱ्या फोटोंमध्ये वेगळ्या जागी, उतारावर पडलेलं आहे. फोटोग्राफरांनी ते उचलून भिंतीआड आणून ठेवलं होतं. शेजारची बंदूकही नेमबाज वापरत त्या प्रकारची नाही. हा फोटो बनावट म्हणायचा का? माणूस खरोखर मेलेला आहे, गेटिसबर्गलाच मेलेला आहे. खोटी आहे ती जागा, त्याचं काम आणि नोव्हेंबरची गोष्ट. ‘बनावट’ हा एक शिक्का मारला तर त्या माणसाचं मरणही पुसलं जातं. स्पेनच्या फोटोतही तेच. ठिकाण चुकीचं सिद्ध झालं आहे, मरण खोटं सिद्ध झालेलं नाही. पुराव्याच्या पुढे जाऊन लिहिणं दोन्ही दिशांनी चूक.

फोटो वगळण्याचा विचार संपादकांच्या मनात सगळ्यात जास्त वेळ होता. दिवाळी अंक घरात वर्षभर राहतो, पोरंसोरं चाळतात. वाद असलेलं चित्र कशाला? पण वगळलं असतं तरी वाचकाच्या डोक्यात फोटो आहेच, जुन्या ओळीसकट.

काय केलं

चौथी वाट घेतली, काही अटींसह. लेखाच्या पहिल्या पानावर सेरो मुरियानोहून निघालेल्या निर्वासितांचा फोटो मोठा घेतला, कारण त्याचं ठिकाण, दिवस आणि प्रसंग तिन्ही टिकतात. कोसळता सैनिक आतल्या पानावर गेला. मुखपृष्ठासाठी तो घ्यायचा विचार संपादकांनी स्वतःहून सोडला. मुखपृष्ठावर चौकट येत नाही, चित्र एकटंच बोलतं.

ओळ अशी ठरली : ‘प्रजासत्ताकाच्या बाजूचा मिलिशियातला सैनिक, कोसळताना. एस्पेखो परिसर, कोर्दोबा प्रांत, स्पेन, सप्टेंबर १९३६. फोटो : रॉबर्ट कापा.’ ‘मृत्यू’ हा शब्द येऊ दिला नाही. इथे एक पेच आला. हक्क सांभाळणाऱ्या संस्थेच्या अधिकृत शीर्षकात कोर्दोबा आघाडी आहे, नाव नाही, पण ‘मृत्यू’ आहे. संस्थेचं शीर्षक आपण बदलू शकत नाही. म्हणून ते जसंच्या तसं अंकाच्या शेवटच्या श्रेयनामावलीत दिलं आणि चित्राखाली आमची ओळ ठेवली. परवानगी मागतानाच हे त्यांना कळवलं होतं. त्यांची हरकत आली नाही.

चौकट सरांनीच लिहिली. दोन दिवसांनी ते आले ते सुस्पेरेगींचा सगळा युक्तिवाद नकाशावर मांडून. गेर्निकाबद्दलचा आपला मुद्दा त्यांनी चौकटीत घातला, आणि माझ्या मते चौकटीतला तोच सगळ्यात जोरदार परिच्छेद झाला : एका फोटोवरची शंका ही त्या युद्धात मेलेल्यांवरची शंका नव्हे. बोरेलचं नाव मूळ लेखात राहिलं, पण फोटोपासून सोडवून. सेरो मुरियानोत मारला गेलेला अल्कोयचा गिरणी कामगार म्हणून. त्याचं मरण झाडाआडचं होतं. दुसऱ्याच कुणाच्या फोटोखाली ते टांगून ठेवणं त्याच्यावरही अन्याय होता, आणि पांढऱ्या शर्टातल्या त्या अनोळखी माणसावरही.

निष्पत्ती

अंक वेळेवर निघाला. पत्रं आली त्यात एका फोटोग्राफरने कापाची बाजू घेऊन आम्हाला फटकारलं : ज्या माणसाने नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जीव धोक्यात घातला आणि १९५४ मध्ये इंडोचायनात सुरुंगावर पाय पडून जीव गमावला, त्याच्याबद्दल असं लिहिता? पत्र संपादकांनी छापलं आणि खाली सरांचं उत्तर दिलं. सप्टेंबर १९३६ मधला कापा बावीस वर्षांचा होता, नाव बदलून नव्याने उभा राहू पाहत होता, हातात लायका होता आणि समोर उत्साही सैनिक होते. नंतरच्या धाडसाने आधीचा फोटो सिद्ध होत नाही, आणि आधीच्या फोटोने नंतरचं धाडस पुसलं जात नाही. एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिक्षिकेने चौकट वर्गात वाचायला घेतल्याचं कळवलं. काही वाचकांना मात्र ‘शेवटी खरं की खोटं’ हे न सांगितल्याचा राग आला. त्यांना आम्ही तेच उत्तर दिलं जे चौकटीत होतं.

पुन्हा असं काम आलं तर

कोसळणारे दोन्ही सैनिक शेजारी शेजारी, सारख्या मापात छापावेत. आम्ही दुसऱ्याचं वर्णन शब्दांत केलं, त्याने वाचकाला आमच्यावर विश्वास ठेवावा लागला. दोन्ही चित्रं समोर असती तर ढग आणि उतार त्याने स्वतः जुळवले असते. पानावरची जागा, दुसऱ्या फोटोची फी, हे अंदाजपत्रकात आधीच धरायला हवं.

लेखकाशी बोलणं डमी लागल्यावर नको, लेख मागतानाच हवं. तेव्हाच फोटोओळीतला प्रत्येक तपशील कुठून आला ते लेखकाने समासात लिहून द्यावं : मूळ छपाईतून, संस्थेच्या नोंदीतून की नंतरच्या पुस्तकातून. हे सांगायला लेखकाला कमीपणा वाटत नाही, ऐनवेळी विचारलं तर वाटतो.

इंटरनेटवर मिळणाऱ्या प्रतींवर काम करू नये. या मालिकेतल्या फोटोंच्या कडा ठिकठिकाणी कापलेल्या दिसतात आणि ज्या डोंगररेघेने निकाल दिला ती नेमकी अशा कापाकापीत जाते. संस्थेकडून पूर्ण चौकटीची प्रत मागवावी, शक्य तर प्रतीच्या मागच्या बाजूचंही छायाचित्र. मागे शिक्के असतात, तारखा असतात, कधी खोडलेल्या ओळी असतात.

आणि चित्रात जमीन दिसत असेल तर तिथल्या माणसाला विचारावं. ताज्या युद्धांच्या फोटोंनाही हे लागू आहे. उपग्रहाची दृश्यं आज कुणालाही मिळतात, सावल्यांवरून वेळ काढता येते, पण अमुक वळणावरचा पाण्याची टाकी कधी पाडली हे गावातल्या दुकानदाराला माहीत असतं. पुढच्या अंकासाठी श्रीलंकेच्या यादवी युद्धातले काही फोटो विचारात आहेत. त्यांच्या फोटोओळी आत्ताच फळ्यावर लिहून ठेवल्या आहेत, आणि तिथली गावं ओळखणाऱ्या दोघांना पार्श्वभूमीच्या चौकटी पाठवल्या आहेत, माणसं वगळून.